दोष आढळला नाही

पहिल्यांदा ती ऐरोलीच्या पुलावर थांबली.
घेऊन तेवीस दिवस झाले होते,
सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं.
डॅशबोर्डवर एक पिवळं चित्र पेटलं,
इंजिनाचं की नळाचं, कळेना,
आणि खालून खाडीचा वास वर आला.

टोइंगवाला रामसकल तेव्हा मला "मॅडम" म्हणाला.
चौथ्या वेळी "दीदी".
सहाव्या वेळी फोन उचलताच म्हणाला, "आज किधर?"
माझा सख्खा भाऊ इतक्या लगेच फोन उचलत नाही.

भांडुपच्या सर्व्हिस सेंटरला मोठी काच आहे.
पलीकडे आपली गाडी टांगलेली दिसते, पोट उघडं टाकून.
अलीकडे सोफा, मशीनची गोडमिट्ट कॉफी
आणि निळ्या टायमधला आग्नेल डाबरे.
"मॅडम, पंचवीस किलोमीटर चालवली. आवाज आलाच नाही.
कसला आवाज म्हणालात?"
वाळूत चमचा फिरवल्यासारखा, मी म्हटलं.
त्यानं जॉब कार्डवर लिहिलं:
असामान्य आवाज, ग्राहकाच्या म्हणण्यानुसार.
खाली शिक्का: दोष आढळला नाही.

मग सेन्सर बदलला. मग सेन्सरची वायर.
मग सॉफ्टवेअर नवं घातलं,
म्हणे गाडीला आता सगळं पुन्हा शिकावं लागेल.
मग पंप. तो चाकणहून येणार होता,
एकवीस दिवस येतच होता.
सगळं फुकट, वॉरंटीत.
रिक्षाचे पैसे तेवढे माझे, बुडालेले दिवस माझे,
आणि सायनच्या सिग्नलला मागून झालेले
माझ्या आईचे उल्लेख, तेही माझेच.

मी कवळ्या बनवते. मुलुंडला, दोन खोल्यांची लॅब.
मेण, प्लास्टर, हिरड्यांचा तो खोटा गुलाबी रंग.
मार्चमध्ये केरकर तिसऱ्यांदा आले,
कवळी रुमालात गुंडाळून.
"डावीकडे टोचतं."
दाताखाली निळा कागद धरला, चावा म्हटलं.
ठसे सगळे जिथल्या तिथे.
"आता टोचतंय?"
"आता नाही. भाकरी खाताना."
आणि माझ्या तोंडून, आग्नेलच्याच मऊ आवाजात, आलं:
"यात काही दिसत नाही हो. सवय होईल."

त्यांनी कवळी परत रुमालात ठेवली.
एक घडी, दुसरी घडी, नीट.
जॉब कार्डाच्या मी अशाच घालते.

जिन्यातून हाक मारून त्यांना परत बोलावलं.
समोरच्या पोळीभाजी केंद्रातून नाचणीची भाकरी आणली.
खा, म्हटलं.
दुसऱ्या घासाला टोचलं.
केसाएवढं घासलं, बस्स.

पुढच्या खेपेला आग्नेलला म्हटलं, फॉर्म राहू दे,
माझ्या शेजारी बस.
त्याचं जेवण व्हायचं होतं, डबा मांडीवर घेऊन बसला.
कांजूर, विक्रोळी, घाटकोपर,
गाडी लोण्यासारखी.
मला घाम.
छेडानगरचा पूल चढताना
वाळूत चमचा फिरला.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
चेंबूरपर्यंत तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "चमचा नाही मॅडम. पळी."

पंप पुन्हा बदलला.
त्यानंतर पाच महिने एक ब्र नाही.

वॉरंटी रविवारी संपली, रात्री बाराला.
साडेदहाला मी एकटीच निघाले, काचा खाली करून.
पड बाई, आज पड बंद, आज फुकट आहे.
ठाण्याला वळसा, परत छेडानगर, तोच पूल दोनदा,
पुढे फ्रीवे, आणि उलट.
शहाण्या मुलीसारखी चालत राहिली.
बारा वाजून चार मिनिटांनी इमारतीखाली लावली,
चावी काढली, दिवा विझला.
थंड होताना इंजिन टिकटिकतं, ते ऐकत बसले.
टिक.
टिक.
मग एक जरा उशिरा आली,
आणि किंचित घासून आली,
ग्राहकाच्या म्हणण्यानुसार.